स्लॅब काऊन तापते? आधी ते मोजा, मग एम.आर्कचा फॉर्म भरा

दर उन्हाळ्यात दोन-चार पोट्ट्यांचे मेसेज येतात, दादा बी.आर्क झालं, किंवा सिव्हिल झालं, आता पर्यावरणाला धरून घरं बांधायचं शिकायचं आहे, मास्टर्स कुठून करू, कसं करू. एकेकाला वेगळं सांगून थकलो म्हणून एकदाचं सगळं लिहून काढतो. मी वर्धा जिल्ह्यातल्या खेड्यातला, बी.आर्क नागपूरला केलं, एक वर्ष वाया घालवलं, मग गेट (मास्टर्सची देशपातळीवरची प्रवेश परीक्षा) देऊन बिल्डिंग एनर्जीकडे गेलो. ते वाया गेलेलं वर्ष कसं गेलं तेही येईलच पुढं.

पहिलं काम कॉलेजची लिस्ट काढायचं नाही. बाजारातून तीनशे-चारशे रुपयांचे दोन डिजिटल थर्मामीटर आणा, आर्द्रता दाखवणारे, आणि घरात टांगा. आमचं घर अर्धं जुनं अर्धं नवं. जुन्या भागात दीड फुटाच्या मातीच्या भिंती, वर लाकडी पाट्यांचा माळा, माळ्यावर मातीचा थर, त्यावर कवेलू. नवा भाग म्हणजे विटांच्या भिंती आणि वर स्लॅब. मी मे महिन्यात दोन्ही खोल्यांत एकेक थर्मामीटर लावला आणि दर दोन तासांनी वहीत आकडा लिहिला, रात्रीसुद्धा. दुपारी चारला बाहेर ४५, स्लॅबच्या खोलीत ४१, जुन्या खोलीत ३६. हे तं कोणालाही वाटलंच असतं. खरी गंमत रात्री अकराची, बाहेर ३५ वर आलं होतं, जुनी खोली ३५, आणि स्लॅबची खोली अजून ३९ वर अडलेली. म्हणजे दिवसभर वरून खाल्लेलं ऊन स्लॅब आता रात्री खाली ओकत होती, आणि म्हणूनच आमच्याकडं एप्रिल ते जून सगळे बाज टाकून अंगणात झोपतात. हे सगळ्या गावाला माहीत आहे पण आकड्यात कोणाजवळ नाही. तुमच्याजवळ असला पाहिजे. पंधरा दिवसांची अशी एक वही पुढं पोर्टफोलिओ, एसओपी (हा कोर्स का करायचा ते सांगणारं अर्जासोबतचं पत्र), इंटरव्ह्यू सगळीकडं पुरते.

वही झाली की गणित करा, हे करायला डिग्री लागत नाही. छप्पर उष्णता किती आत सोडते ते यू-व्हॅल्यूवरून कळते, आकडा जितका मोठा तितकं छप्पर वाईट. १२० मिलिमीटरची स्लॅब धरा. आरसीसीची उष्णता-वाहकता साधारण १.५८, तर ०.१२ भागिले १.५८ म्हणजे ०.०७६ एवढा तिचा विरोध. आतल्या बाहेरच्या हवेच्या पातळ थराचे मिळून ०.२१ धरतात. बेरीज ०.२८६. एकला त्यानं भागा, यू-व्हॅल्यू आली साडेतीन. आता केंद्र सरकारची राहत्या घरांसाठीची संहिता आहे, इको-निवास संहिता, २०१८ ची, ती म्हणते छपराचा यू १.२ च्या वर नको. म्हणजे आपली स्लॅब जवळपास तिप्पट वाईट, आणि आपण ती अख्ख्या गावात टाकत सुटलो.

इथं लगेच मनात येते की वर माती टाकू, आजोबांच्या धाब्याच्या घरासारखी. टाकून बघा, कागदावरच. १.२ वर यायला विरोध अजून ०.५५ लागतो. मातीची वाहकता ०.५२ च्या आसपास, म्हणजे थर लागतो जवळपास २८ सेंटिमीटर, एका फुटाला थोडा कमी, आणि त्याचं वजन होते चौरस मीटरला साडेचारशे किलो. घराच्या गच्चीवर माणसांचा, सामानाचा भार म्हणून आपण चौरस मीटरला दीडशे किलो धरून डिझाइन करतो. घरकुलाच्या स्लॅबवर ही माती टाकली तं तुमचं पर्यावरण तुमच्याच डोक्यावर येईल. धाब्याच्या घराच्या बल्ल्या एवढ्या जाड काऊन असायच्या हे मला त्या दिवशी समजलं. दुसरीकडं एक इंच चांगला फोम टाकला की काम होते, पण तो पेट्रोलियमपासून बनते, मग इकॉलॉजी कुठं राहिली? मधली वाट आहे, पालथी मडकी ठेवून हवेची पोकळी करा, किंवा वरून पांढरा चुना मारून ऊन आत येण्याआधीच परत पाठवा. चुन्यानं यू-व्हॅल्यू बदलत नाही, स्लॅब मुळात कमी तापते, आणि या दोन गोष्टींतला फरक ज्याला सांगता येते त्याला मास्टर्सला घेतात. मी चुना मारला होता, स्लॅबच्या खालच्या बाजूला तीनेक डिग्रीचा फरक दिसला, पण पहिल्या पावसात अर्धा धुऊन गेला. तेही वहीत लिहा. लपवू नका.

आता शिक्षणाकडं. या विषयाचे ढोबळमानानं दोन रस्ते आहेत आणि बहुतेक पोरं दोन्हीत गोंधळतात. एक रस्ता मटेरियलचा: माती, चुना, बांबू, दगड, दाबलेल्या मातीच्या विटा, कारागिरी. दुसरा सिस्टिमचा: ऊन, हवा, पाणी, वीज, एसी, कॉम्प्युटरवरचं सिम्युलेशन, कोड म्हणजे बांधकामाचे नियम. पहिल्यात हात मळतात, दुसऱ्यात डोळे खराब होतात. नोकऱ्या दुसऱ्यात जास्त आहेत हे स्पष्टच सांगतो. पण दुसऱ्या रस्त्यानं जाणाऱ्याला पहिल्याची चव नसली तं तो शेवटी काचेच्या टॉवरला ग्रीन सर्टिफिकेट चिकटवणारा माणूस होते.

सिस्टिमकडं जायचं असलं तं अहमदाबादची सेप्ट युनिव्हर्सिटी डोळ्यासमोर ठेवा. तिथं बिल्डिंग एनर्जी परफॉर्मन्सचा मास्टर्स आहे, कार्बसे नावाचं संशोधन केंद्र आहे, आणि त्या केंद्राची स्वतःची इमारतच नेट-झिरो म्हणून बांधली आहे, म्हणजे वर्षभरात जेवढी वीज खाते तेवढी स्वतः बनवायची. भारतातल्या माणसाला किती तापमानात बरं वाटते याचं मॉडेल, ज्याला आयमॅक म्हणतात, तेही तिथल्याच कामातून आलं, आणि नॅशनल बिल्डिंग कोड २०१६ मध्ये घेतलं गेलं. युरोप-अमेरिकेतल्या एसी ऑफिसांचे जुने आकडे आपल्याला लागू पडत नाहीत, हे त्यातून पुढं आलं. आपल्या वऱ्हाडातल्या माणसाला पंख्याखाली ३० डिग्रीतही डुलकी लागते, हे सांगायला मॉडेल लागलं, चालते. सरकारी बाजूनं एनआयटी त्रिचीला एनर्जी एफिशिएंट अँड सस्टेनेबल आर्किटेक्चरचं एम.आर्क आहे, एसपीए म्हणजे स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर, त्याच्या विजयवाड्याच्या संस्थेत सस्टेनेबल आर्किटेक्चरचं. आयआयटी रुडकीचं एम.आर्क जुनं आणि भक्कम. एसपीए दिल्ली आणि भोपाळला एन्व्हायर्नमेंटल प्लॅनिंग आहे, पण ते घरापेक्षा मोठ्या पट्ट्याचं काम, नदी-नाला-जमीन-शहर, तिकडं ओढा असेल तरच जा.

यात सरकारी जागांचा रस्ता गेटमधून जाते. आर्किटेक्चर आणि प्लॅनिंगचा पेपर एआर या कोडचा, १०० मार्कांचा, तीन तासांचा, त्यातले १५ मार्क ॲप्टिट्यूडचे. एक भाग सगळ्यांना सारखा, दुसऱ्यात आर्किटेक्चर किंवा प्लॅनिंग यातलं एक निवडायचं. फॉर्म साधारण ऑगस्ट-सप्टेंबरात निघते, परीक्षा फेब्रुवारीत, निकाल मार्चात. सोयाबीन निघून कापूस वेचायला येते त्याच दिवसांत अभ्यासाचा जोर लागते, घरचे कास्तकार असले तं हे आधीच घरी बोलून ठेवा, नाहीतर दिवाळीनंतर रोज चिडचिड. स्कोअर तीन वर्षं चालते. एनआयटी आणि एसपीएसाठी सीसीएमटी नावाचं कॉमन कौन्सेलिंग होते, आयआयटीच्या ऑफर सीओएपी नावाच्या पोर्टलवर दिसतात. गेटमधून गेलात तं महिन्याला १२,४०० रुपये स्टायपेंड मिळते, त्यात मेसचं भागते आणि कधीमधी घरी पण पाठवता येते.

सिव्हिल आणि मेकॅनिकलवाल्या भावांनो, तुम्हाला पण जागा आहे, सेप्टच्या एनर्जीवाल्या कोर्सला इंजिनियर बसतात, आणि खरं सांगतो, उष्णतेचं गणित तुमचं आमच्यापेक्षा पक्कं असते. फक्त एक ध्यानात ठेवा. त्यानंतर स्वतःच्या पाटीवर आर्किटेक्ट लिहिता येत नाही. १९७२ च्या आर्किटेक्ट्स ॲक्टप्रमाणं ते नाव काउन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडं नोंदणी असलेल्यालाच, आणि नोंदणीला मान्यताप्राप्त आर्किटेक्चरची डिग्रीच लागते. एनर्जी कन्सल्टंट लिहा, काही अडत नाही.

मटेरियलच्या रस्त्याचं शिक्षण मात्र डिग्रीत कमी आणि बाहेर जास्त आहे. ऑरोविल अर्थ इन्स्टिट्यूट १९८९ पासून दाबलेल्या मातीच्या विटा, कमानी, घुमट शिकवते, लहान-लहान कोर्स असतात. भुजची हुन्नरशाला २००१ च्या भूकंपानंतर उभी राहिली, कारागीर आणि आर्किटेक्ट एकत्र काम करतात तिथं. बंगलोरच्या आयआयएससीत १९७४ ला अस्त्रा नावाचा गट सुरू झाला, खेड्यांसाठी विज्ञान, मातीच्या विटांचं पक्कं शास्त्र त्यांच्याकडून आलं, आणि आता त्याला सेंटर फॉर सस्टेनेबल टेक्नॉलॉजीज म्हणतात, पीएचडीपर्यंत जायचं असलं तं तो पत्ता. फ्रान्समध्ये ग्रेनोबलला क्राटेर आहे, १९७९ पासून, मातीच्या बांधकामाचं जगातलं सगळ्यात नावाजलेलं ठिकाण.

पण तिथं जायच्या आधी आपल्या अंगणात बघा ना बाप्पा. वर्ध्यात सेंटर ऑफ सायन्स फॉर व्हिलेजेस आहे, १९७६ पासून, तिथं कुंभाराच्या चाकावर ग्लासासारखे निमुळते तुकडे करून, एकात एक अडकवून, लाकूड न वापरता कमानीचं छत करायची पद्धत बसवली. ते तुकडे हातात घेऊन बघा, मग कमान म्हणजे काय ते पुस्तकापेक्षा लवकर समजते. सेवाग्रामला शाळेच्या ट्रिपमध्ये सगळेच गेलो, पण तेव्हा आपलं लक्ष डब्याकडं होतं. आता परत जा, टेप घेऊन. बापूकुटीचा पागोळीचा भाग किती खाली उतरला आहे, भिंतीवर ऊन किती वाजेपर्यंत पडते, पाणी कुठं गळते हे मोजा. १९३६ ला गांधीजी तिथं राहायला आले तेव्हा अट होती की खर्च कमीत कमी आणि सामान जवळपासचंच, असं सांगतात. घराचं सामान पाच मैलांच्या आतलंच असावं हा त्यांचाच विचार डोक्यात ठेवून लॉरी बेकर नावाचा इंग्रज आर्किटेक्ट केरळात अनेक वर्षं घरं बांधत राहिला, आणि त्यानं रूढ केलेली रॅट-ट्रॅप बाँडची भिंत आजही कामाची आहे. वीट आडवी न टाकता उभी लावायची, मधे पोकळी राहते, विटा सुमारे पाव हिश्शानं वाचतात. मेळघाटात लवाद्याचं संपूर्ण बांबू केंद्र आहे, ते पण सोडू नका.

आता माझ्या वाया गेलेल्या वर्षाचं. पहिल्या वेळी एका संस्थेला अर्ज केला त्यात एसओपीची सुरुवात होती की लहानपणापासून मला निसर्गाची ओढ आहे. पुढं मातीच्या घराचं लय गुणगान, थंडावा, संस्कृती, आजीचं सारवलेलं अंगण, सगळं. इंटरव्ह्यूला एका बाईंनी शांतपणे विचारलं, एवढं चांगलं आहे तर तुमच्या घरच्यांनी स्लॅब का टाकली? माझ्याजवळ उत्तरच नव्हतं. घरी येऊन आईला विचारलं तं ती म्हणे, "तुले राहाचं असन तं राह मातीत. दर पंधरा दिसाले शेण कालवून सारवाचं कोनाले लागते? मलेच ना? वाळवी लागली तं बल्ल्या कोन बदलन? पावसाळ्यात रातभर गंज कोन हलवन गळक्याखाली?"

संपलं. दुसऱ्या वर्षीची माझी एसओपी आईच्या याच तीन प्रश्नांपासून सुरू झाली, आणि पुढं वहीतले आकडे, आणि शेवटी हे की मला असं छप्पर करायचं शिकायचं आहे जे रात्री अकराला ३५ वर असेल आणि जे बाईला सारवावं लागणार नाही. दीड पान. झाली ॲडमिशन. म्हणून सांगतो, एसओपीत निसर्गप्रेम लिहू नका, एक अडचण लिहा जी तुम्ही स्वतः मोजली आहे. शहरातल्या पोरांजवळ रेंडर, म्हणजे कॉम्प्युटरवर काढलेली इमारतीची चित्रं, तुमच्यापेक्षा भारी असतील, लॅपटॉप भारी असतील, पण ४५ डिग्रीत कवेलूखाली काय होते हे त्यांना माहीत नसते.

पोर्टफोलिओचंही तेच. कॉलेजातले बारा प्रोजेक्ट कोंबू नका, चार ठेवा, त्यातला एक घराचा अभ्यास. प्लॅन, सेक्शन, तापमानाचा ग्राफ, आणि कूलरचा एक पान. कूलर हसण्यावारी नेऊ नका, विदर्भातल्या घरातली सगळ्यात महत्त्वाची बिल्डिंग सिस्टिम तीच आहे. ४५ डिग्री आणि १५ टक्के आर्द्रता असली तं ओल्या बल्बचं तापमान, म्हणजे पाणी उडवून हवा जास्तीत जास्त जितकी थंड होऊ शकते तो आकडा, २४ च्या आसपास असते, चांगला कूलर त्या फरकाचा ८० टक्के कापतो, म्हणजे ताटीतून हवा २८ ची येते. जूनमध्ये ढग आले, बाहेर ३३ आणि आर्द्रता ८० टक्के झाली की ओला बल्बच ३० वर, मग कूलर कितीही पाणी पिला तरी हवा ३०-३१ च्या खाली येत नाही आणि वरून गदमदते. आणि खिडक्या लावून कूलर चालवणारे आमचे काका, त्यांच्या खोलीत मे महिन्यातही चिपचिप, कारण आलेल्या हवेला जायला वाटच नाही. इंटरव्ह्यूत मी फळ्यावर हे काढून दाखवलं, त्या दहा मिनिटांत वातावरणच बदललं.

सॉफ्टवेअरसाठी पैसे घालवू नका. इमारतीची उष्णता आणि वीज मोजणारं एनर्जीप्लस फुकट आहे, ओपनस्टुडिओ फुकट आहे, आधी हवामान दाखवणारं क्लायमेट कन्सल्टंट सॉफ्टवेअर किंवा बर्कली विद्यापीठातल्या सीबीई केंद्राचं क्लायमा टूल उघडा, नागपूरची वेदर फाइल टाका, वर्षाच्या ८,७६० तासांची हवा समोर दिसते. कोडात नागपूर काँपोझिट हवामानात येते, म्हणजे कडक उन्हाळा, दमट पावसाळा आणि बऱ्यापैकी थंडी, तिन्ही सोसणारं घर लागते, नुसतं राजस्थानासारखं जाड करून भागत नाही. फाइल शहराची असते, तुमच्या गावाची नाही, म्हणून वहीतल्या आकड्यांशी ताडून बघा आणि कुठं जुळलं नाही ते पोर्टफोलिओत लिहा, मास्तर लोकांना ते लय आवडते. अजून कॉलेजात असाल तं सोलर डेकाथलॉन इंडिया या नेट-झिरो इमारती डिझाइन करायच्या विद्यार्थी स्पर्धेत टीम घाला, मोठ्या लोकांकडून वर्षभर फुकट शिकायला मिळते.

बाहेर देशात जायचं असलं तं थोडक्यात. लंडनच्या एए म्हणजे आर्किटेक्चरल असोसिएशनच्या कॉलेजला सस्टेनेबल एन्व्हायर्नमेंटल डिझाइन आहे, नाव मोठं, खर्चही मोठा. डेल्फ्टला बिल्डिंग टेक्नॉलॉजी दोन वर्षांची, तांत्रिक बाजू एकदम पक्की. जर्मनीत बऱ्याच सरकारी विद्यापीठांत फी नाममात्र, आणि डाड (DAAD) या तिथल्या शिष्यवृत्ती देणाऱ्या संस्थेची आर्किटेक्चरसाठी वेगळी स्कॉलरशिप आहे. अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध मुलांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, आणि केंद्राच्या नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिपमध्ये अनुसूचित जातींसोबत भटके-विमुक्त, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागिरांची मुलंही येतात. हे शेवटचं आपल्याकडं कोणाला माहीतच नसते. कुंभाराचं, सुताराचं पोरगं आर्किटेक्ट होऊन बसलं असेल तं त्याच्यापर्यंत हे पोचवा.

कागदपत्रांत पोरं सगळ्यात जास्त मार खातात. ओबीसी असाल तं सेतूतून आणलेलं राज्याचं नॉन-क्रीमी लेयर केंद्रीय संस्थेत चालत नाही, केंद्राच्या नमुन्यातलं वेगळं काढावं लागते, आणि ते त्या आर्थिक वर्षातलं लागते, म्हणजे १ एप्रिलनंतरचं. ईडब्ल्यूएसचंही असंच. एप्रिल-मे मध्ये तहसीलला लग्नसराई, उन्हाळा आणि साहेब रजेवर हे तिन्ही एकत्र येते, म्हणून एप्रिलच्या पहिल्याच आठवड्यात अर्ज टाका. शिफारसपत्राचं सांगायचं तं आमच्या एका सरांनी म्हटलं, "तूच लिहून आण, मी सही मारतो." मी आणलं, त्यांनी तेच पत्र वर्गातल्या तिघांना दिलं, फक्त नाव बदलून, आणि तिघांनी एकाच ठिकाणी अर्ज केला होता. सरांना आपल्या कामाची एक पानी यादी द्या, काय केलं, कोणत्या सेमिस्टरला, काय चुकलं, आणि त्यावरून त्यांना लिहू द्या.

ॲडमिशन झाल्यावर जुलैपर्यंत दोन महिने मिळतात. अकरावीचं फिजिक्स काढा, उष्णतेचा धडा परत वाचा, लाज बाळगू नका, आमच्या वर्गात अर्ध्या आर्किटेक्टना वॅट आणि वॅट-अवरमधला फरक येत नव्हता. आणि गावातल्या एखाद्या म्हाताऱ्या मिस्त्रीसोबत आठ दिवस काढा, जुनं घर पाडत असले तं उत्तमच, भिंतीत काय निघते ते बघा. आमच्याकडं गेल्या वर्षी एक वाडा पाडला तेव्हा भिंतीतून पांढरीची माती, मधे मधे तुराटी, आणि पायात काळ्या मातीच्या खाली हातभर मुरूम निघाला. मिस्त्रीला विचारलं मुरूम काऊन, तं म्हणे, "काळी फुगते ना बे, उन्हाळ्यात भेगा पडते, घर फाटन." पहिल्या सेमिस्टरला सॉइलच्या सरांनी हेच दोन तास शिकवलं. थर्मामीटर सोबत न्या, हॉस्टेलच्या वरच्या मजल्याची खोली मिळाली तं लागेलच.